ताउनोने भरलेली वीस काडतुसं

डुलूथ
१२ ऑक्टोबर १९६४

प्रिय लेम्पी,

ताउनोच्या दफनानंतर मी जेवायलाही थांबलो नाही, त्याची माफी मागायला हे पत्र. भाऊ म्हणून कबरीपाशी चार शब्द बोलायला हवे होते. पाद्र्याने माझ्याकडे पाहिलंही. पण मला ते येत नाही. ताउनोलाही येत नव्हतं, म्हणून त्याला राग आला नसेल असं समजतो.

परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी गोदीच्या पायऱ्यांवरून घसरलो. मांडीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे पंधरा नोव्हेंबरला मी शिकारीच्या कॅम्पवर नसणार. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच. आम्ही दोघंही एकाच वर्षी गैरहजर. तुमचा शेजारी नीलो एकटाच चूल पेटवेल आणि चुलीलाच शिव्या देईल.

तुमच्या मार्लिसचं पत्र आलं. लिहिते, "काका, बाबांनी माझ्यासाठी भरलेला काडतुसांचा डबा तळघरात सापडला. वीस आहेत. या वर्षी मी तीच वापरणार. तुम्ही नाही, बाबा नाहीत, निदान काडतुसं तरी घरची."

तिची भावना कळते. माझ्याकडे ताउनोने मागच्या वर्षी भरलेली सात उरली आहेत. मीही ती फेकणार नाही. तो काडतुसं का भरायला लागला ते तुला ठाऊक आहेच. एक्कावन्न साली त्याने दुकानातलं काडतूस वापरून हरणाचा एक नर पोटात मारला. बंदूक नेम धरेल तिथे मारत नव्हती. दोन दिवस आम्ही रक्तामागे फिरलो. सापडला तेव्हा जिवंत होता आणि कोल्ह्यांनी मागून खायला सुरुवात केली होती. ताउनो घरी आला आणि आठवड्यात काडतुसं भरायचं दाबयंत्र मागवलं. त्यानंतर तेरा वर्षांत त्याचं एकही हरीण पन्नास पावलांच्या पुढे गेलं नाही.

तुला एक विचारायचं आहे. डब्यावरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं लिहून पाठव. तारीखही.

तुझा,
आर्वो

टॅमरॅक रोड
१९ ऑक्टोबर

प्रिय आर्वो,

पायाचं वाचून वाईट वाटलं. जेवणाचं मनात ठेवू नकोस. बरेच जण जेवले. नीलोने मांस भरलेल्या चार पॅस्ट्या खाल्ल्या आणि पाचवी खिशात घातली.

चिठ्ठीवर असं आहे: "मार्लिस. हलका भार. ३० ग्रेन. १८ ऑगस्ट." त्याचंच अक्षर. इतर डब्यांवर असतं तसंच.

हलका भार का ते तू जाणतोसच. चौदाव्या वर्षी ती बर्फातल्या घसरगाडीवरून पडली आणि उजवा खांदा कायमचा अधू झाला. दुकानातल्या काडतुसाने तो दुसऱ्या गोळीलाच निळा पडायचा. मग ती गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायला लागली. ताउनोने पूर्ण एक हिवाळा घालवला, दारू अर्धा ग्रेन कमी, एक ग्रेन कमी, असं करत. शेवटी तिचा खांदाही सोसेल आणि हरीणही जागेवर पडेल असा भार सापडला. मला म्हणाला, "दुकानातलं काडतूस सगळ्यांच्या बंदुकीसाठी असतं, म्हणजे कुणाच्याच नाही. हे मार्लिसचं आहे."

आणि मार्लिसच्या त्या जुन्या रायफलीची काडतुसं आता मिळतात तरी कुठे? हार्डवेअरच्या दुकानात दोन डबे आहेत, त्यांच्या पुंगळ्यांवर हिरवं चढलंय. दुकानदार म्हणाला, "बाई, बंदूक भिंतीला टांगा, शोभेल."

अठरा ऑगस्टला तो सकाळपासून तळघरात होता. मी कॉफी खाली नेऊन दिली. एक एक भार तराजूवर तोलत होता. हात स्थिर होते. मी पाहिलंय.

तुला ही चौकशी का करावीशी वाटली ते कळलं नाही.

लेम्पी

डुलूथ
२४ ऑक्टोबर

प्रिय लेम्पी,

स्पष्ट लिहितो. रागावू नकोस.

मे महिन्यात ताउनोची मला दोन पत्रं आली, चार दिवसांच्या अंतराने. शब्दन् शब्द तेच. दुसऱ्याच्या शेवटी एक ओळ जास्त होती: "आईला दम लागतो का अजून?" आई एकोणचाळीस साली गेली. मी ते पत्र कपाटात ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही. तुला तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं की ते खरं होईल असं वाटलं.

डॉक्टर म्हणाले होते की सप्टेंबरातला मेंदूचा झटका पहिला नसावा. ऑगस्टमध्ये त्याचं डोकं ठिकाणावर होतं का?

मी त्याचा अपमान करत नाही. हे काम त्याने मला शिकवलं. त्याचे नियम तू माझ्याइतकेच ऐकले असशील. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. हरणाच्या काडतुसांची दारू वेगळी, तितराच्या छऱ्यांची वेगळी, दोन्ही एकदम बाकावर येता कामा नयेत. आणि मापाच्या नळकांड्यात उरलेली दारू ज्या डब्यातून आली त्याच डब्यात परत. खात्री नसेल तर अंगणात ओतून पेटवून द्यायची, कंजुशी करायची नाही. हे नियम डोकं शाबूत असलेल्या माणसासाठी आहेत.

मार्लिसला म्हणावं, या वर्षी तो डबा राहू दे. मी बरा झालो की येतो, एक एक उघडून बघतो. सगळं ठीक निघालं तर पुढच्या वर्षी वापरेल. हरणं कुठे जात नाहीत.

आर्वो

टॅमरॅक रोड
१ नोव्हेंबर

आर्वो,

तुझा भाऊ तेरा वर्षं तुझ्या बंदुकीला काडतुसं पुरवत आला. तुझ्या भिंतीवर आज जी शिंगं आहेत ती त्याच्या काडतुसांनी मिळवलेली. आता तो जमिनीखाली आहे आणि तू त्याचं डोकं तपासतोस.

माणूस म्हातारा होतो. नावं विसरतो. मीही विसरते. त्याने कॉफीत मीठ घातलं असेल एखाद्या वेळी. मी शाळेत शिकवायचे तेव्हा मला पोरांची नावं आठवायची नाहीत, तेव्हा कुणी डॉक्टर बोलावला नाही.

आणि आता ऐक. काल शनिवारी मार्लिस आली होती. मी तिला तुझं काही सांगितलं नाही, पण म्हटलं, एकदा निशाणा लावून बघ. खाणीच्या खड्ड्यापाशी तिने त्या डब्यातली तीन मारली. तिन्ही एका बशीएवढ्या जागेत. मी स्वतः कागद पाहिला. खांदा लालसुद्धा झाला नाही. ती हसली. सप्टेंबरपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आई, बाबा अजून नेम धरतात."

तेव्हा हा विषय संपला असं समज.

एक विचारते, सहजच. तू ते उरलेल्या दारूचं लिहिलंस. समज, थोडी, चमचा दोन चमचे, चुकीच्या डब्यात गेली. एवढ्या मोठ्या डब्यात तेवढ्याने काही बिघडतं का? दोन्ही दिसायला करड्याच तर असतात.

नऊ तारखेला ती रजा काढून येते. अकराला कॅम्पवर जाईल.

लेम्पी

डुलूथ
६ नोव्हेंबर

लेम्पी,

बिघडतं. सगळं बिघडतं.

तितराची दारू चपट्या कणांची, हरणाची बारीक काड्यांसारखी. चष्मा लावला तर फरक दिसतो, नाहीतर नाही. तितराची दारू एकदम भडकते. छऱ्यांच्या काडतुसात ती थोडी घालतात. रायफलीत तीस ग्रेन घातली तर रायफल राहत नाही. आणि ताउनो तराजूवर तोलत होता म्हणालीस, त्याचा उपयोग नाही. तराजूला वजन कळतं, जात कळत नाही.

डब्यात वरून ओतलेली दारू वरच राहते. पहिली तीन-चार काडतुसं तिच्यातूनच भरली जातात. नंतरची चांगली. म्हणून मार्लिसच्या तिन्ही गोळ्या ठीक गेल्या याने मला काही समजत नाही. ताउनो भरलेली काडतुसं चिठ्ठीच्या बाजूने, डाव्या कोपऱ्यापासून लावायचा. तिने कुठल्या बाजूची घेतली? उजवीकडची असतील तर वाईट काडतुसं अजून डब्यातच आहेत.

तू हे का विचारलंस? सहज नाही विचारलंस.

मला फोन कर. खालच्या बेकरीत फोन आहे, ते मला हाक मारतात. तुमच्या सामायिक लाइनवर निम्मा रस्ता कान लावून बसतो हे मला ठाऊक आहे. बसू दे. ऐकू दे. पण डबा आज उचल आणि तिला मिळणार नाही अशा जागी ठेव. आज.

आर्वो

टॅमरॅक रोड
१२ नोव्हेंबर

प्रिय आर्वो,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं.

तुझं सहा तारखेचं पत्र सोमवारी आलं. मी ते उघडलं नाही. तुझा राग आला होता आणि मला वाटलं, पुन्हा तेच असेल. मंगळवारी तुझा फोन आला. लाइनवर कोपऱ्यावरच्या मिसेस हाकालाचा श्वास ऐकू येत होता, तिचं घड्याळही. तू विचारलंस, "पत्र वाचलंस?" मी म्हणाले, "हो." तू म्हणालास, "मग करशील ना?" मी म्हणाले, "हो, हो." आणि ठेवला. मार्लिस तेव्हा स्वयंपाकघरात बुटांना चरबी लावत होती. काल सकाळी ती डबा घेऊन गेली. आज मी तुझं पत्र उघडलं.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर.

सतरा ऑगस्टला ताउनो सकाळी तितराची काडतुसं भरत होता. दुपारी मी बाहेर आले तर तो अंगणात लगाम घेऊन उभा. मला म्हणाला, "घोडी कुठे सोडलीस?" घोडी जाऊन पंधरा वर्षं झाली. मी म्हटलं, "चरायला गेलीय, तू आत चल." त्याला झोपवलं. असं एप्रिलपासून चाललं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, मार्लिसलाही नाही. लोकांनी त्याच्याकडे तसं बघावं हे मला नको होतं. या रस्त्यावर तो असा माणूस होता की सगळे आपापल्या बंदुका त्याच्याकडे घेऊन यायचे.

मग मी तळघरात गेले. बाकावर दोन डबे, दोन्ही उघडे. नळकांड्यात थोडी दारू उरलेली. मला वाटलं, नीलो वगैरे कुणी आलं आणि हे पाहिलं तर काय म्हणतील. मी उरलेली दारू जवळच्या डब्यात ओतली, दोन्हींची झाकणं लावली, बाक पुसलं. माझा चष्मा वर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला आणि जिन्यातून ओरडला, "लेम्पी! माझं बाक कुणी आवरलं?"

मी म्हणाले, "तूच की."

 मग म्हणाला, "असं? बरं." आणि कामाला लागला.

मी "मी आवरलं" म्हटलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं. अख्खा डबा अंगणात नेऊन जाळला असता. तेवढं त्याला त्या दिवशीही कळत होतं. मी त्याला घाबरवायचं नाही म्हणून म्हणाले. त्याला आठवत नाही हे त्याला कळू नये म्हणून म्हणाले. सगळा उन्हाळा मी हेच करत होते.

नीलो शनिवारी कॅम्पवर जातोय. मी त्याच्या घरी जाऊन मार्लिससाठी चिठ्ठी दिली आहे: "बाबांची काडतुसं वापरू नकोस. आर्वोकाका म्हणतात ती जुनी झाली. नीलोची दुसरी बंदूक घे. आई." खरं कारण लिहिलं नाही. नीलो वाटेत वाचेल, आणि मग कॅम्पवर सगळ्यांना कळेल की ताउनो शेवटी कसा होता.

एवढं पुरेल असं वाटतं. तुला काय वाटतं ते कळव.

लेम्पी

टॅमरॅक रोड
१९ नोव्हेंबर

आर्वो,

तुला तार मिळाली असेल. तारेत जास्त लिहिता आलं नाही.

रविवारी सकाळी आठच्या सुमारास, ओढ्याच्या वरच्या बाजूला. तिची पहिलीच गोळी. बंदुकीचा मागचा भाग फुटला. उजवा डोळा काढावा लागला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. लाकडाचे तुकडे गालातून अजून निघताहेत. नीलोने तिला पाठीवर घेऊन दीड मैल रस्त्यापर्यंत आणलं. तो बाहत्तर वर्षांचा आहे. दवाखान्याच्या बाकावर तो माझ्याशेजारी बसला, सगळ्या सदऱ्याला रक्त, आणि एकच वाक्य म्हणत राहिला, "मी तिला चिठ्ठी दिली होती, लेम्पी. हातात दिली होती."

दिली होतीच. तिने वाचली. मला दवाखान्यात म्हणाली, "मला वाटलं, काका घरी बसून कंटाळलेत म्हणून कुरबुर करताहेत. जुनी म्हणे! ऑगस्टची काडतुसं तीन महिन्यांत जुनी होतात का? बाबांनी वीस वर्षांपूर्वीची मारलीत. आणि नीलोची बंदूक गाढवासारखी लाथ मारते." सगळे करतात तशी तिने काडतुसं डब्यातून कोटाच्या खिशात ओतली होती.

मी लिहिलेलं कारण खोटं होतं, आणि तिला तेवढं कळण्याइतकं तिच्या बापाने शिकवलं होतं.

नीलोने उरलेली सोळा गोळा करून मला दिली आहेत. कॉफीच्या डब्यात ठेवली आहेत. मी त्यांना हात लावत नाही.

लेम्पी

डुलूथ
२ डिसेंबर

प्रिय लेम्पी,

परतीच्या बसमध्ये पाय आखडला, पण पोचलो. तुझ्या घरी तीन दिवस राहिलो आणि जे बोलायचं ते बोललो नाही. आपण दोघं बटाटे सोलत बसलो. म्हणून लिहितो.

तू दवाखान्यात असताना मी तळघरात सोळाही उघडली. तेरा काडतुसांत काड्या होत्या, अगदी जशा हव्यात तशा, तीस ग्रेन, केसभर इकडे-तिकडे नाही. इतकं नीटस काम मला डोकं शाबूत असतानाही जमत नाही. दोन काडतुसांत सगळे चपटे कण. एकात निम्मे-निम्मे. म्हणजे चौथं मार्लिसच्या वाट्याला आलं. सगळी दारू मी अंगणात बर्फावर ओतून जाळली. डबेही रिकामे केले.

तुझं बाराचं पत्र मला सोमवारी मिळालं. तोवर सगळं होऊन गेलं होतं. पण मंगळवारच्या फोनवर मीही तीन शब्द बोलू शकलो असतो. "डबा उचल, लेम्पी." हाकाला बाईच्या घड्याळाची मलाही लाज वाटली. आणि मेमधलं पत्र मी कपाटात ठेवलं होतं. तेव्हा सगळं तुझ्या एकटीवर घेऊ नकोस.

आता मी काय केलं ते. वनरक्षक दवाखान्यात आला होता. त्याने विचारलं, कशाने फुटली? मी सांगितलं, नळीत बर्फ गेला असणार. मार्लिस ओढा ओलांडताना पडली होती, तिनेच सांगितलं होतं. नळीत बर्फ असला की असंच होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने लिहून घेतलं. मग मी मार्लिसलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "हो, तसंच असेल."

ताउनोचं नाव राहिलं. तुझंही राहिलं. या रस्त्यावर तुला अजून वीस वर्षं राहायचं आहे. आता हे इथेच थांबू दे. हे पत्र, माझी आधीची, आणि मी येताना परत आणून दिलेली तुझी, सगळी चुलीत घाल.

आर्वो

टॅमरॅक रोड
२० डिसेंबर

प्रिय आर्वो,

तुझी-माझी पत्रं मी जाळली नाहीत. का ते सांगते.

मार्लिस चार तारखेला घरी आली. तिला कॉफी ओतता येत नाही. कप कुठे आहे ते एका डोळ्याला नीट कळत नाही, कॉफी बशीत पडते. पहिल्यांदा पडली तेव्हा मी पुसायला उठले, तर म्हणाली, "राहू दे. माझीच चूक आहे." मला वाटलं कॉफीचं म्हणते.

मग रोजच. केस विंचरताना, बूट घालताना. "दहा वर्षं बाबांनी सांगितलं, पडलीस की आधी नळी बघ. एवढीशी गोष्ट. मी उठले, झटकलं आणि चालायला लागले." एकदा वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "बरं झालं बाबा गेले. त्यांना हे बघावं लागलं नाही. त्यांना वाटलं असतं, हिला काहीच शिकवता आलं नाही."

मिलवॉकीहून ती ज्याच्याशी लग्न करणार होती तो आला होता. सभ्य मुलगा आहे. तिने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. मला खिडकीतून ऐकू आलं. "माझ्या निष्काळजीपणाचं ओझं तू कशाला घेतोस?" तो म्हणाला, "अपघात झाला, मार्लिस." ती म्हणाली, "अपघात नाही. मी बघितलं नाही."

आर्वो, तू तिच्यावर दया म्हणून ते बोललास असं नाही. माझ्यावर दया म्हणून बोललास. मी तुझे आभार मानते. पण ताउनोचं नाव आणि माझं नाव राखायला आपण ते तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि ती ते घेऊन घरभर फिरत होती. मी दहा दिवस ते बघितलं. दहा दिवस मला धीर झाला नाही, हेही लिहून ठेवते.

चौदा तारखेला दुपारी, ती टेबलाशी असताना, मी सगळी पत्रं तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, "वाच. मला तोंडाने सांगता येणार नाही." तिने वाचली. वेळ लागला, तिला आता हळू वाचावं लागतं. मी भांड्यांपाशी उभी होते. भांडी घासून झाली होती तरी उभी होते.

शेवटी तिने विचारलं, "बाबांना घोडी दिसत होती? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

"मी ऑगस्टमध्ये दोन आठवडे इथे येणार होते. तू लिहिलंस, येऊ नकोस, घराला रंग चाललाय."

"हो."

"रंग नव्हताच लावला."

"नाही."

"मी आले असते तर त्यांच्याजवळ बसले असते, आई. घोडीबद्दल बोलले असते. मला काय वाटणार होतं?" मग ती म्हणाली, "आणि चिठ्ठीत हे का नाही लिहिलंस? एक ओळ. 'मी दारू मिसळली.' मी खिसा तिथेच रिकामा केला असता."

मी खरं सांगितलं. "नीलो वाचेल म्हणून."

तिने हातातलं पत्र टेबलावर ठेवलं. मग हसली, पण ते हसणं ऐकवलं नाही. "नीलोला वाचता येत नाही, आई. शिकारीच्या परवान्यावरचे नियम दर वर्षी बाबा त्याला वाचून दाखवायचे. जमाखर्च बाबा लिहायचे. कुणाला कळू नये म्हणून तो पेपर घेऊन बसतो. ती चिठ्ठीसुद्धा त्याने मला दिली आणि म्हणाला, मोठ्याने वाच, आईने काय लिहिलंय बघू."

चाळीस वर्षं तो आमच्या शेजारी राहतो. मी शाळामास्तरीण होते.

त्यानंतर पाच दिवस ती या घरात राहिली आणि जेवणाचं, लाकडांचं, बसच्या वेळेचं बोलली. दुसरं काही नाही. मी तिला म्हटलं, तुला रागवायचं तर रागव. ती म्हणाली, "वेळ लागेल." पण तिने नळीचा विषय पुन्हा एकदाही काढला नाही. आणि गुरुवारी त्या मुलाला फोन केला. लाइनवर हाकाला बाई होतीच. मार्लिस म्हणाली, "मिसेस हाकाला, कागद-पेन्सिल घ्या, मी हळू बोलते." मग त्याला सगळं सांगितलं. सतरा ऑगस्ट, दोन डबे, माझं नाव, बाबांचं डोकं, सगळं. मी शेजारच्या खोलीत होते. आता रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चमध्ये माझ्या बाकावर आज कुणी बसलं नाही. नीलो येऊन बसला, उशिरा.

काल ती गेली. मी तिला बसपर्यंत पोचवलं. बॅग मीच उचलली, तिने उचलू दिली. मी म्हटलं, पत्र लिही. ती म्हणाली, "बघते."

बस अर्धी रिकामी होती. ती माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन बसली, तोंड पुढे करून. पट्टी बांधलेली बाजू माझ्याकडे आली. मी हात वर केला आणि बस निघेपर्यंत तसाच ठेवला. तिने मुद्दाम तशी जागा घेतली की सवय नाही म्हणून लक्षात आलं नाही, ते मला कळलं नाही.

लेम्पी